हाताच्या पाठीवरचा थेंब

आमच्या घरात दारूला कुणी शिवत नाही, पण आमचं अर्धं घर दारूवरच उभं आहे. दचकू नका. माझी धाकटी जाऊ एका हॉटेलच्या बारमध्ये काउंटरमागं उभी राहते आणि लोकांना पेयं बनवून देते. केस काळे होते तेव्हापासून हेच काम करतेय, आणि आजवर तिनं स्वतः एक पेला रिचवलेला नाही. ती फक्त थेंब चाखते. म्हणून मी तिचं नाव ठेवलं थेंबू. आता तिचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही चटकन आठवायचं नाही. अर्थात त्याला चटकन काहीच आठवत नाही, माझा दीर आहे तो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्याला जांभया देतानाच बघतेय.

ती दोघं वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. मधे एक जिना, आणि त्या जिन्यावर माझे कान.

थेंबूचं कामावरचं एक व्रत होतं. दुपारी बार उघडायच्या आधी ती फ्रिजमधून वर्मूथच्या उघडलेल्या बाटल्या काढायची. बारीक नळी बाटलीत बुडवायची, वरचं तोंड बोटानं दाबायचं, की नळीत थेंब-दोन थेंब अडकतात. ते हाताच्या पाठीवर सोडायचे, अंगठ्याजवळच्या खळग्यात, आणि जिभेनं टिपायचे. मग डोळे मिटून गप्प उभं राहायचं. आणि मग एकच शब्द: 'चालेल' किंवा 'उतरली'. चालेल म्हटलं की बाटली काउंटरवर. उतरली म्हटलं की बाटली स्वयंपाकघरात, आचारी ती रश्शात घालणार. त्या एका शब्दावर तिथं कुणी चकार शब्द काढत नसे.

मला आधी वाटायचं, दारू ती दारू, ती काय उतरणार? उतरते ती पिणाऱ्याची. तेव्हा थेंबूनं मला खुर्चीत बसवून समजावलं होतं. वर्मूथ म्हणजे मुळात वाइनच. तिच्यात मुळ्या, साली, बिया भिजवतात, दवण्याच्या जातीचं एक कडूजार झुडूपही घालतात, आणि थोडी कडक दारू टाकून तिला जोर देतात. गोड वर्मूथमध्ये वर साखर. रंग तांबूस, कोऱ्या चहासारखा. व्हिस्कीची बाटली उघडी राहिली तरी तिला ढिम्म फरक पडत नाही, पण वर्मूथ वाइनच्या घराण्यातली, तिला हवा लागली की ती हळूहळू मान टाकते. फ्रिजमध्ये ठेवली तर बरीच टिकते, बाहेर ठेवली तर कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी होते.

"लोक वर्षानुवर्षं फळीवर ठेवतात हो तिला," ती म्हणायची, "आणि मग म्हणतात, वर्मूथ काही चांगली लागत नाही. माणसालाही असं फळीवर ठेवलं तर तो तरी चांगला लागेल का?"

"तुझ्या नवऱ्याला ठेवलंय की गादीवर," मी म्हणायचे. "तो टिकलाय."

तिच्या हातचं एक पेय गावात नावाजलेलं होतं. दोन भाग व्हिस्की, एक भाग गोड वर्मूथ, कडू अर्काचे दोन शिंतोडे, बर्फावर लांब चमच्यानं शांतपणे ढवळायचं, आणि वरून संत्र्याची साल पिळून टाकायची. सालीचं तेल वर तरंगतं ते दिसतसुद्धा. व्हिस्की कुणीही चांगली आणेल, थेंबू म्हणायची, पेय उभं राहतं ते वर्मूथवर. व्हिस्की पुढं येऊन बोलते, वर्मूथ मागं उभी राहून घर सांभाळते. मी म्हटलं, "म्हणजे मोठी जाऊ." ती म्हणाली, "मोठी जाऊ मागं उभी राहते? कधीपासून?"

तर अशी ती. आणि एक दिवस दुपारी, कामाला जायच्या वेळेला, ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली. ओठ पांढरे पडलेले.

"वहिनी, मला साखर द्या."

मी डबा पुढं केला. तिनं चिमूट तोंडात टाकली, थांबली, मग दुसरी टाकली.

"वाळू," ती म्हणाली.

"काय वाळू? परवाच आणलीय."

"मला वाळू लागतेय. परवापासून वर्मूथ मुकी झाली. मला वाटलं बाटली गेली. दुसरी उघडली, तीही मुकी. तिसरी उघडली. वहिनी, तीन बाटल्या मी रश्शात घालायला लावल्या. आज सकाळी चहा प्यायले तर गरम पाणी. बाटल्या नाही गेल्या. मी गेले."

मी म्हटलं, सर्दी असेल. सर्दी नव्हती. वास येत होता, पण लांबून, शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा. मी म्हटलं, थकवा असेल, पित्त असेल, वय झालं तुझं. एरवी वयाचा विषय काढला की ती मला लाटणं घेऊन धावते. त्या दिवशी तिनं साखरेची तिसरी चिमूट तोंडात टाकली.

"आईचं असंच सुरू झालं," ती म्हणाली.

तिच्या आईला मी बघितलं होतं. चांगली ठसठशीत बाई, शिवणकाम करायची, सुईत दोरा एका फटक्यात ओवायची. तिनं पहिल्यांदा तक्रार केली ती दुधाची, की दुधाला चव नाही. मग चहात साखर पुन्हा पुन्हा घालायला लागली. सगळे हसले. मग कात्री फ्रिजमध्ये सापडली. मग एक दिवस थेंबू माहेरी गेली तर आईनं दार उघडलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "आपण कोण? कुणाकडे आलात?" पुढची वर्षं मी सांगत नाही. थेंबूनं ती काढलीत. आईला न्हाऊ घालताना आई तिला अहो-जाहो करायची, एवढं एक सांगते.

"डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं.

"नाही."

"अगं, साधं काही असेल."

"आणि नसेल तर? डॉक्टर सांगेपर्यंत ते नसतं वहिनी. त्यानं सांगितलं की होतं."

मी स्वतः वजनकाट्याच्या बाबतीत हेच धोरण ठेवलंय.

पण काम? बारवर नवीन मॅनेजर आला होता. त्याचे बूट चालताना करकर वाजायचे, म्हणून आम्ही त्याचं नाव करकऱ्या ठेवलं. माणूस वाईट नव्हता, पण सगळीकडे लक्ष. काच पुसलीय का, नखं स्वच्छ आहेत का. आणि थेंबूच्या अंगठ्याचं नख आधीच दुखणाईत. दिवसभर हात बर्फात, पाण्यात, लिंबाच्या रसात, त्यानं नखाच्या कडा सुजल्या होत्या, नख पिवळं, जाड झालं होतं. काउंटरमागच्या निम्म्या लोकांचं हे दुखणं असतं म्हणे. तिनं सुट्टीच्या दिवशी जाऊन त्वचेच्या डॉक्टरला दाखवलं, गोळ्या आणल्या, रोज सकाळी चहाबरोबर एक. आणि कामावर अंगठ्याला पट्टी, कापलंय म्हणून. करकऱ्याला नख कळलं असतं तर तो पेयांपासून तिला लांब ठेवणार. आता जीभ गेलेली कळली तर तिला उभंच करणार नाही.

मग मी डोकं चालवलं. रोज दुपारी मी तिला डबा पोचवते, मागच्या दारानं. आता डबा द्यायचा आणि थेंबही मीच चाखायचा. काउंटरच्या आडोशाला, करकर ऐकू येत नाही तोवर.

"माझ्या जिभेला हाड नाही असं अख्खं सासर म्हणतं," मी म्हटलं. "एवढी मोकळी जीभ पडून आहे, वापर की."

ती हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

तिनं मला शिकवलं. पहिल्या दिवशी मी थेंब टिपला आणि म्हटलं, "खोकल्याचं औषध."

"आणखी?"

"गोड खोकल्याचं औषध."

"वहिनी, घाई नका करू. आधी गोड येईल, त्याला जाऊ द्या. मग मनुका. मग संत्र्याची साल. मग मागून एक मुळी येते, मातीसारखी. आणि शेवटी जिभेच्या मुळाशी कडू. कडू राहिलं पाहिजे. गोड लगेच गेलं आणि कडू राहिलं तर ती जिवंत आहे. गोडच रेंगाळलं, चिकट झालं, मागं आंबट आलं, तर उतरली."

सांगताना तिचे डोळे मिटलेले. सगळं आठवत होतं तिला, जिभेवर काही नसताना. मला वाटलं, बघ, हिची आठवण शाबूत आहे. आणि लगेच वाटलं, आईलाही जुनं सगळं आठवायचं. तिला आठवत नव्हतं ते समोरचं.

अशी मी माझ्या वयात दारू चाखायला शिकले. आमच्या ह्यांना माझ्या तोंडाचा वास आला तर मी सांगायचे, दाताचं औषध. इतके दिवस दाताचं औषध चालूय आणि दात दुखतो कुठला, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. घरातले पुरुष सगळे एका साच्यातले.

पण गंमत तेवढीच. भीती जिन्यावरून खाली यायची. वर थेंबू गॅस बंद केलाय का ते बघायला उठायची, बसायची, परत उठायची. पावलं मला ऐकू यायची. जिना उतरताना ती पुटपुटायची. मी कान देऊन ऐकलं तर पेयांची नावं, एकामागून एक, कशात काय पडतं त्यासकट. स्वतःची परीक्षा घ्यायची. एकदा मधेच अडली. पायरीवर उभी राहिली, कठड्याला धरून. मी खाली दाराआड, श्वास रोखून. ते नाव मला येत होतं, पण सांगायचं कसं? शेवटी तिला आठवलं आणि ती खाली आली. मला बघून म्हणाली, "दाराआड काय करताय?" मी म्हटलं, "बिजागरीला तेल घालावं म्हणते." माझ्या हातात पोळपाट होता.

मग हॉटेलचं रंगकाम निघालं. बार काही दिवस बंद राहिला, आणि रंगाऱ्यांनी आपली यंत्रं लावायला फ्रिजचा प्लग काढला. बार उघडला त्या दुपारी मी डबा घेऊन गेले तर मागचं दार ओल्या रंगाचं, बंद. मी पुढून गेले. आत करकऱ्या काउंटरला टेकून उभा, हलायला तयार नाही. थेंबूनं माझ्याकडे बघितलं. मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसले, लिंबू-सोडा मागवला, मांडीवर डबा. दुसरं काय करणार? काउंटरमागं जाऊन जीभ काढणार?

तिनं बाटली काढली. नळी, थेंब, हाताची पाठ, मिटलेले डोळे. करकऱ्या बघतोय.

"चालेल," ती म्हणाली.

थोड्या वेळानं छत्रीवाले आले. हे तिचं जुनं गिऱ्हाईक, कडक ऊन असलं तरी हातात छत्री, ती शेजारच्या स्टुलावर ठेवणार, जणू तिलाही काही हवंय. थेंबूनं त्यांचं नेहमीचं पेय ढवळलं, साल पिळली, पुढं ठेवलं. त्यांनी घोट घेतला. पेला खाली ठेवला. मग एका बोटानं किंचित लांब सरकवला.

"बाई, घरी सगळं ठीक ना?"

"हो साहेब. का?"

"काही नाही. वर्मूथ आज थकलेली वाटतेय."

करकर. करकर. मॅनेजर जवळ आला. त्यानं बाटलीचा वास घेतला, भुवई वर गेली.

"तुम्ही चाखली होती ना?"

"हो."

त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्यानं नवीन बाटली फोडली, पाठ वळवून दोन छोट्या पेल्यांत ओतलं, एकात जुनी, एकात नवी, आणि तिच्यासमोर ठेवले.

"जुनी कुठली?"

तिच्याकडे त्याची पाठ होती, माझ्याकडे तोंड. मला सगळं दिसलं होतं. जुनी तिच्या डावीकडे. मी डाव्या कानातलं धरलं आणि ओढायला लागले. इतकं ओढलं की कान लांब व्हायचा. थेंबूनं डावा पेला चाखला, मग उजवा, मग मान वर केली आणि तिला मी दिसले. कान दिसला. तिला कळलं, मला नक्की माहीत आहे तिला कळलं. लग्नानंतर कितीतरी वर्षं आम्ही दोघींनी सासूबाईंसमोर असेच कान ओढून संसार केलाय.

छत्रीवाले छत्रीकडे बघत होते. बर्फ पेल्यात खाली बसला, त्याचा आवाज आला.

"मला कळत नाही," थेंबू म्हणाली. "मला चवच लागत नाही. दोन्ही पाणी आहेत."

"कधीपासून?"

"बरेच दिवस."

"मग रोज 'चालेल' कोण म्हणत होतं?"

मीच हात वर केला, शाळेतल्या पोरीसारखा.

"आपण कोण?" करकऱ्यानं विचारलं.

"डबा," मी म्हटलं. खरंच हेच म्हटलं. घाबरल्यावर माणसाच्या तोंडून काहीही निघतं.

घरी येताना मी चिडले. "डावा म्हणाली असतीस तर?"

"आज डावा. उद्या?" ती म्हणाली. "आईलाही आम्ही अशीच उत्तरं पुरवायचो. कुणी आलं की मागून हळूच, मावशी आहे गं, मावशी म्हण. ती म्हणायची. लोकांना वाटायचं बरी आहे. त्यानं ती बरी झाली नाही वहिनी, आम्हाला कळायला उशीर झाला तेवढा."

करकऱ्यानं तिला काढलं नाही. आत पेले धुवायला ठेवलं. "चव आली की सांगा," म्हणाला. "नाही आली तर बघू." तो बघू मला अजिबात आवडला नाही. घरी मीच मुलांना बघू म्हणायचे तेव्हा त्याचा अर्थ काय असायचा, मला चांगलं ठाऊक आहे.

पेले धुवून धुवून तिचं नख आणखी बिघडलं. शेजारच्या बोटालाही लागण झाली. तेवढ्यात गोळ्या संपत आल्या, तिला सुट्टी नाही, तेव्हा ती मला म्हणाली, वहिनी, येताना आणा.

औषधाच्या दुकानात एक चष्मेवाली बाई असते, तोंडात कायम लवंग. तिनं पाकीट काढलं, पिशवीत टाकलं, आणि सुटे पैसे शोधता शोधता म्हणाली, "यांची चव वगैरे ठीक आहे ना?"

"कुणाची?"

"गोळी घेतायत त्यांची. या गोळीनं कुणाकुणाची चव जाते. डॉक्टरांनी सांगितलं असेलच."

मी काउंटर धरलं. नखाची गोळी आणि जिभेचा काय संबंध, तुम्हीच सांगा. आपल्याला वाटतं औषध पत्ता विचारून जातं.

"मग येते का परत?"

"येते बहुतेकांची. गोळी बंद केली की हळूहळू. डॉक्टरांना विचारा आधी."

"बहुतेकांची म्हणजे?"

"बहुतेकांची म्हणजे बहुतेकांची हो," ती म्हणाली आणि लवंग दुसऱ्या गालात सरकवली.

मी पिशवी तिथंच टाकून धावले. माझं धावणं म्हणजे इतरांचं चालणं, पण धावले. हॉटेलच्या धुण्याच्या खोलीत थेंबू कोपरापर्यंत फेसात. मी धापा टाकत सगळं सांगितलं. मला वाटलं नाचेल. तिनं पाणी बंद केलं, हात पुसले, एकेक बोट.

"म्हणजे गोळी असेल," ती म्हणाली.

"असेल काय, आहेच."

"आता गोळी बंद करायची आणि वाट बघायची. चव आली तर गोळी होती. नाही आली," तिनं माझ्याकडे बघितलं, "तर आई होती."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आतापर्यंत नुसती भीती होती, आता तिला तराजू मिळाला. चव न आलेला प्रत्येक दिवस त्या दुसऱ्या पारड्यात पडणार होता.

त्वचेच्या डॉक्टरनं गोळ्या थांबवल्या, लावायला मलम दिलं, म्हणाला, आठवडे लागतील, काहींना महिने. आईबद्दल तिनं विचारलं नाही, आणि मला डोळ्यांनी दटावलं म्हणून मीही नाही.

करकऱ्यानं गोड वर्मूथची एक छोटी बाटली घरी पाठवली. म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. ती माझ्या फ्रिजमध्ये. रोज दुपारी कामाला जायच्या आधी थेंबू खाली यायची, मी नळी बुडवायचे, तिच्या हाताच्या पाठीवर थेंब सोडायचे. ती डोळे मिटायची. मी घड्याळाकडे न बघितल्यासारखं करून बघायचे. ती मान हलवायची. "पाणी." आणि चप्पल घालून जायची. पाणी. पाणी. पाणी. तो शब्द मला स्वप्नात यायला लागला.

मग एक दुपार आली, तिनं थेंब टिपला आणि म्हणाली, "आली."

"काय आली?"

"साल आली वहिनी. मनुका, साल, मग मुळी. आणि शेवटी कडू. आली." डोळ्यांत पाणी. "उद्याच सांगते मॅनेजरला. उद्या काउंटरवर."

मी तिला जवळ घेतलं. पण मनात काहीतरी कुरतडत होतं. फार पटकन आली. डोळे मिटल्या मिटल्या सगळ्या पाहुण्या रांगेनं आत, एकही उशिरा नाही. आणि शब्द अगदी तेच, मला शिकवताना वापरलेले.

ती वर गेली आणि मी एक कारभार केला. कढईत साखर जाळली, पाणी घातलं, तांबूस रंग आला, गार करून दुसऱ्या छोट्या बाटलीत भरलं. दुसऱ्या दिवशी ती कामाला निघताना मी म्हटलं, "शकुन म्हणून एक थेंब चाख." तिनं चाखलं. डोळे मिटले.

"मनुका," ती म्हणाली. "साल. बघा, मुळी. आणि ते कडू, मागं, अगदी मागं."

त्या बाटलीत साखर आणि पाणी सोडून काही नव्हतं.

मी "वा" म्हणाले आणि भांडी घासायला वळले. घासलेलीच भांडी. पाठ तिच्याकडे, कारण माझा चेहरा मला खोटं बोलू देत नाही. ती जिभेवरच्या चवीत नव्हती, आठवणीतल्या चवीत होती. तिची आई शेवटी शेवटी अशीच रिकाम्या हातानं सुईत दोरा ओवायची आणि म्हणायची, बघ, एका फटक्यात गेला.

सांगू कसं? आणि न सांगता जाऊ कसं देऊ? काउंटरवर पुन्हा दोन पेले, पुन्हा छत्रीवाले. मी शेवटचा उपाय केला. वळले, आणि पाय मुरगळला. धाडकन खाली बसले. इतकी ओरडले की माझा दीरसुद्धा जागा होऊन खाली आला.

"थेंबे, आठवडाभर तरी मला सोडून जाऊ नकोस," मी म्हटलं. "आणि मॅनेजरला एवढ्यात काही बोलू नकोस. एकदम जाऊन सगळ्यांना गार कर."

तिनं रजा घेतली. माझ्या धडधाकट उजव्या पायाला पट्टी बांधून माझी सेवा केली. मी एकदा चुकून डाव्या पायानं लंगडले, पण घरात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. एरवी तिनं मला त्यावरून आयुष्यभर छळलं असतं.

रोज दुपारी तिला थेंब हवाच असायचा. मी रोज साखरेचं पाणी द्यायचे, आणि रोज ती मला साल सांगायची, मुळी सांगायची. मी "वा, वा" करायचे. रोज माझा थेंब खळग्याबाहेर सांडायचा, आणि ती म्हणायची, "पाय मुरगळलाय की हात?"

आठवडा संपला, मी पाय दुखतोच ठेवला. मग एका दुपारी मी थेंब सोडला, तिनं टिपला. डोळे मिटले, आणि लगेच उघडले. माझ्याकडे बघितलं. पुन्हा हाताची पाठ चाटली.

"वहिनी, ही कुठली बाटली?"

"तीच की."

"गोड आहे."

"गोडच असते ना ती?"

"नुसती गोड. मागं कुणीच नाही." ती जिभेनं टाळू चाचपत होती, जणू अंधारात खोलीतलं सामान. "जळकट आहे. साखर जाळलीय. वहिनी, हे साखरेचं पाणी आहे. किती दिवस पाजताय मला हे?"

मी स्टुलावर बसले आणि तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही. फक्त तिचा चेहरा पांढरा पडत गेला, कारण तिला कळलं की इतके दिवस ती काय सांगत होती आणि तिथं काय नव्हतं.

"खरी आणा," ती म्हणाली.

मी फ्रिजमधून खरी काढली. नळी तिनं स्वतः बुडवली. माझ्या हातावर तिचा विश्वास उरला नव्हता, आणि ते बरोबरच होतं. थेंब खळग्यात पडला, तांबूस. तिनं टिपला. या वेळी डोळे मिटले नाहीत. खिडकीकडे बघत उभी राहिली. मी तिचं तोंड बघत होते. इतका वेळ गेला की मला वाटलं आता म्हणेल, पाणी.

"साल नाही," ती म्हणाली.

मी पदर तोंडाला लावला.

"साल नाही, मुळी नाही. कडू आहे. थोडं. आणि गोड जात नाहीये, चिकटून बसलंय, मागून आंबट येतंय." ती माझ्याकडे वळली. "वहिनी, मॅनेजरनं पाठवलेली ही बाटली उघडून किती आठवडे झाले?"

मी थेंब घेतला, चाखला. गोड, चिकट, आणि मागं कापून ठेवलेलं सफरचंद.

"उतरली," थेंबू म्हणाली, आणि बाटली उचलून माझ्या रश्शाच्या पातेल्याकडे निघाली. जाता जाता म्हणाली, "आणि तो पाय उजवा होता, डावा नव्हे."